जानेफळला नेलेला बर्फ

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, लोणार बघितलंत का? नाही बघितलं. मग ऐन मे महिन्यात तिकडे केलंत तरी काय? मी कोल्ड कॉफी करायला गेले होते. हे ऐकलं की लोक हसतात. हसू देत. पूर्वी मीही अशा उत्तराला हसले असते.

शोभा आणि मी तीस वर्षांपूर्वी पुण्यात डी.एड.ला एका खोलीत राहायचो. ती मेहकर तालुक्यातल्या जानेफळची. तिकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. आमच्या होस्टेलच्या मुली तिला त्यावरून फिदीफिदी हसायच्या, आणि मीही हसायचे. शिक्षण संपवून ती परत गेली, गावच्याच शाळेत शिक्षिका झाली, गावातच लग्न करून राहिली. मी पुण्यात एका पतपेढीत चिकटले. पत्रं, मग फोन, मग नुसतेच वाढदिवसाचे निरोप, अशी आमची मैत्री चालली होती. या हिवाळ्यात ती अन्ननलिकेच्या कॅन्सरचे उपचार घ्यायला पुण्यात आली आणि तिचे मिस्टर प्रकाशभाऊजी यांच्यासह तीन महिने माझ्याकडे राहिली.

रेडिएशनचे शेक घेऊन तिचा घसा आतून सोलून निघाला होता. वरणाचं पाणीसुद्धा तिला निखाऱ्यासारखं लागायचं. एक दिवस हॉस्पिटलसमोरच्या कॉफीच्या दुकानातून मी सहज एक थंड कॉफी घेतली आणि तिने त्यातला एक घोट मागितला. मग दुसरा. बघता बघता तिने अर्धा ग्लास संपवला आणि माझा हात धरून म्हणाली, "अनू, हे उतरलं वं खाली."

ते दुकान म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. एका ग्लासाच्या पैशांत आठवड्याचं दूध आलं असतं. म्हणून मी घरीच करायला शिकले. किराणा दुकानात माळेने टांगलेल्या असतात ना, त्या दोन रुपयांच्या कॉफीच्या पुड्या, साखर आणि चमचाभर कोमट पाणी एवढं वाटीत घेऊन फिकट होईपर्यंत फेटायचं. थोडी कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये आधीच गोठवायची, म्हणजे मिक्सरमधून फिरवताना पाणचट होत नाही. साय पूर्णपणे काढायची, नाहीतर घशाला चिकटते. शेवटी शेवटी माझी कॉफी त्या दुकानाला लाजवील अशी व्हायला लागली होती.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाजूला बोलावून सांगितलं की आजार पसरलाय, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या. बाहेर आल्यावर भाऊजी भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तिले सांगाचं नाई, बाई. तुम्ही बी सांगू नका." मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं पुढे काय होणार हे मला तेव्हा कळायला हवं होतं. शोभाला आम्ही सांगितलं की शेक संपले, आता घरी जाऊन ताकद भरून काढायची.

तीन आठवड्यांनी तिची जाऊ, कमल, हिचा फोन आला. शोभाच्या घशाखाली काही उतरत नाही आणि ती सारखी अनूची कॉफी मागते. मी चार दिवसांची रजा टाकली.

देऊळगाव राजा

माझ्या सामानात दोन साड्या होत्या. बाकी सगळी कॉफी: चार्जिंगवर चालणारा छोटा मिक्सर, रुंद तोंडाची बाटली, ट्रे, पुड्यांच्या दोन माळा. वाटेत ऊन वाढत गेलं तसा मला घोर लागला. शोभाच्या गावात वीज नसली तर? नुसती बाटली हलवून जमतं का, हे देऊळगाव राजाला बस थांबली तेव्हा करून बघायचं ठरवलं. स्टँडबाहेर रसवंती होती. रसवाल्याकडे मी बर्फाचा खडा मागितला, त्याने तो फोडून दिला, आणि मी भर उन्हात बाटली गदागदा हलवायला लागले.

"काय हलवायल्या बाई एवढं?" त्याने विचारलं.

"कॉफी."

"कॉफी तर गरम पितेत ना?"

"थंडपण पितात."

"मंग उसाच्या रसानं काय घोडं मारलं?"

एवढ्यात बाटलीचं झाकण उडालं. निम्मी कॉफी माझ्या अंगावर आणि निम्मी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या स्वच्छ धोतरावर. मी माफी मागत सुटले तर ते म्हणाले, "राहू द्या, उन्हात वाळंल." रसवाल्याने न मागता आणखी बर्फ दिला. पुण्यात जास्तीचा बर्फ मागितला असता तर मला भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली असती. दुसऱ्यांदा जमलं. खडा बारीक फोडायचा, कॉफी आधी फेटून घ्यायची आणि झाकणावर तळहात दाबून धरायचा. म्हाताऱ्यांना मी घोटभर दिली. त्यांनी तोंड वाकडं करून "औषध हाय काय?" विचारलं, आणि मी हो म्हणाले.

जानेफळ

मेहकरला उतरून काळीपिवळीने जानेफळला पोहोचले तेव्हा ऊन कललं होतं. शोभाची खाट पुढच्याच खोलीत होती, बुद्धाच्या तसबिरीखाली. एरवी मी तिला गर्दीत लांबूनही ओळखलं असतं, पण खाटेवर कोण आहे हे मला क्षणभर कळलं नाही. चादरीखाली माणूस आहे की नुसती चादर, अशी ती उरली होती.

"आली वं तू?" ती म्हणाली. आवाज दाराबाहेर गेला नसता.

तोंडसुद्धा न धुता मी कॉफीला लागले. फ्रीजमध्ये बर्फ होता, मिक्सर चार्ज होता, कमलने दूध गाळून ठेवलं होतं. शोभा चमच्याने प्यायली. अर्धा ग्लास संपवायला अर्धा तास लागला, पण संपवला. कमल आत जाऊन पदराला डोळे पुसून आली आणि हसत म्हणाली, "काय बाप्पा, आमच्या हातच्या पेजीनं काय पाप केलं होतं?"

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. पलीकडच्या खोलीतून, जिला पाणी गिळता येत नाही तिचा जेमतेम ऐकू येणारा आवाज आला, "कमल, तिले तेल घाल ठेच्यावर. पुन्याचे लोक हायेत, लवकर डोये भरतात."

तिच्या उशाशी कॅलेंडर होतं. त्यावर जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका तारखेभोवती लाल गोल केला होता. विदर्भात शाळा आमच्यापेक्षा उशिरा उघडतात, उन्हामुळे. "या वर्षी पयला वर्ग मागून घेतो मी," ती म्हणाली. "लहान लेकराईले मोठ्यानं शिकवा लागत नाई. आवाज वापस येईलोक तेच बरं." भाऊजी उठून बाहेर गेले. मी ग्लास विसळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला. त्या भागातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. भाऊजी लाइटच्या ऑफिसात जाऊन आले आणि म्हणाले, दोन दिवस तरी लागतीन. पुण्यात वीज तासभर गेली तर आम्ही आकांत करतो. इथे लोक लिंबाखाली खाटा टाकून मोकळे झाले. मिक्सर एका ग्लासापुरता चालला आणि बंद पडला. फ्रीजमधला बर्फ दुपारपर्यंत पाणी झाला. कमलने चौकातल्या दुकानातून बर्फ आणला, पण त्याला मासळीचा वास होता. शोभाला पहिल्याच चमच्याला उलटी झाली, आणि त्या उलटीत रक्त होतं.

त्यानंतर तिने काही घेतलं नाही. बाटली हलवून केलेली कोमट कॉफी तिच्या ओठांना लावली की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कापसाने तिची जीभ ओली करत होतो. मला वाटलं, बर्फ मिळाला तर ही आज पिईल. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी कोणालाच नीट न विचारता मेहकरची गाडी पकडली.

मेहकरचा बर्फ

एसटी स्टँडवर दोन-चार ठिकाणी विचारून मी बर्फाच्या कारखान्यावर पोहोचले. मला अर्धी लादी हवी होती. गोणपाटात गुंडाळून नेली तर जानेफळपर्यंत बरीच उरेल, असा हिशेब होता. हा बर्फ खाण्याचा नसतो हे मला माहीत होतं. बर्फात मीठ घालायचं, त्यात डबा ठेवायचा आणि डब्यात कॉफी रवीने घुसळायची, आपण पॉटचं आइस्क्रीम करतो तशी.

"कोन्या गावले न्याचं?" मालकाने विचारलं.

"जानेफळ. शोभा मॅडमकडे."

त्याचा हात थांबला. "शाळेतल्या मॅडम? बिमार होत्या ना त्या?"

"हो ना," मी म्हणाले आणि मला रडू आलं. दोन दिवसांचं साठलेलं होतं.

त्याने डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. अर्धी लादी मागितली तर म्हणाला, "अर्ध्यानं नाई भागत बाई या उन्हात." आणि दोन अख्ख्या लाद्या त्याने स्वतः उचलून मालाच्या रिक्षात ठेवल्या, वर भुसा घातला, नवी गोणपाटं घातली. भुशाचे पैसे घेईना. ड्रायव्हरला म्हणाला, "हळू ने." ड्रायव्हरने गाणं लावलं होतं ते बंद केलं. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत ही! कॉफी करायला बर्फ मागितला तर एवढी माया करतात. वाटेत मी दोनदा डोळे पुसले. ड्रायव्हरने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जानेफळमध्ये शिरलो तसे पारावरचे लोक उठून उभे राहिले. एका दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, त्याच्या जेवणाची वेळ झाली असेल.

तिकडच्या माणसाला जे सांगावं लागत नाही ते मला सांगायला तेव्हा कोणी नव्हतं. कमल पाण्याला गेली होती, भाऊजी पुन्हा लाइटच्या ऑफिसात. उन्हाळ्यात गावात बर्फाच्या लाद्या घरी येतात त्या एकाच कारणाने. घरातलं माणूस गेलेलं असतं आणि लांबच्या लेकी पोचेपर्यंत त्याला ठेवायचं असतं. लग्नाचा बर्फ मांडवात जातो, आजाऱ्याच्या दारात नाही. मी पुण्याची. आमच्याकडे असलं सगळं शवागारात, नजरेआड होतं. मी रिक्षातून उतरले तेव्हा मागून वीस-पंचवीस माणसं येत होती. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. दोघी म्हाताऱ्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. बौद्ध घरात वंदनेला नेसतात ती पांढरी साडी, आणि मयतालाही तीच.

त्यातली एक माझ्या आधी उंबरठ्यावर पोचली आणि मोठ्याने म्हणाली, "शोभा, काऊन गेली वं माय आमाले सोडून!"

मी तिच्या मागे होते. शोभा खाटेवर एका कोपरावर अर्धवट उठली होती आणि त्या बाईकडे बघत होती.

रडणं जिथल्या तिथे थांबलं. म्हातारीने पदर तोंडात कोंबला. दारात दोघे जण लादी धरून उभे होते, तिचं पाणी उंबरठ्यावर ठिबकत होतं. शोभाने लादी बघितली. पांढऱ्या साड्या बघितल्या. मग तिने एकेकाचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्यांवर मला दिसलं तेच तिलाही दिसलं असणार. चूक झाल्याची लाज सगळ्यांना होती, पण ती गेली याचं आश्चर्य एकालाही वाटलेलं नव्हतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. फक्त तिलाच माहीत नव्हतं.

"अनू," ती म्हणाली, "बर्फ कायले आणला वं?"

"कॉफीसाठी."

कोणी हसलं नाही. लोक मागे सरकायला लागले तसा शोभाने हात वर केला. "जाऊ नका. आता आले तर कॉफी पिऊन जा. अनू, कर. वितळून राह्यला तो."

मी केली. कमल पाणी घेऊन आली, दारातली गर्दी बघून तिच्या हातातली कळशी पडली, मग सगळं कळल्यावर ती रवी घेऊन बसली. परातीत बर्फ आणि मीठ, मध्ये डबा. आम्ही दोघी आळीपाळीने घुसळत होतो. शेजारच्या घरांतून दूध आलं. पुड्यांची एक अख्खी माळ संपली. डब्याच्या कडेने कॉफी गोठत गेली, ती रवीने मोडत गेलो, आणि इतकी दाट, इतकी सुरेख कॉफी माझ्या हातून पुण्यातही कधी झाली नव्हती.

मयताच्या घरी कोणी पाणीसुद्धा घेत नाही. ही माणसं मयताला म्हणून निघाली होती. हातात स्टीलचे ग्लास घेऊन सगळे नुसते उभे राहिले. शोभा त्यांच्याकडे बघत होती. शेवटी उंबरठ्यावर रडलेल्या त्या पांढऱ्या साडीतल्या म्हातारीने डोळे मिटून घोट घेतला, मग बाकीचे प्यायले. ग्लास खाली ठेवल्याचा आवाजही कोणी होऊ दिला नाही.

शोभाला मी पहिला चमचा दिला. तिने तो तोंडात धरला आणि थोड्या वेळाने हळूच टॉवेलात सोडून दिला.

सगळे गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. भाऊजी तोपर्यंत आले होते, दारात उभे होते, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून 'सांगू नका' अशी मान हलवत होते.

"अनू, तू तरी खरं सांग. शाळा उघडीन तवा मी जाईन काय?"

"जाशील की," मी म्हणाले.

ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "थकलो मी," आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

दिवेलागणीला लाइट आली. पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला, अंगणात लादीचा उरलेला तुकडा भुशात पडून होता. मला त्या बर्फाला लाथ मारावीशी वाटली. त्याच्याऐवजी मी कॉफी करून ट्रेमध्ये ओतली आणि ट्रे फ्रीजमध्ये ठेवला. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

मलकापूर

रजा संपत होती. चौथ्या दिवशी सकाळी मी निघाले. येतानाच्या उन्हातल्या लांबच्या बसचा धसका घेतला होता, म्हणून खामगावमार्गे मलकापूरला जाऊन रेल्वे धरायची ठरवली. निघताना शोभाचे डोळे मिटलेले होते. मी तिच्या पायाला हात लावला, पाय थंड होता. ती जागी होती, अशी माझी खात्री आहे. मी तिला हाक मारली नाही, कारण तिने पुन्हा तेच विचारलं असतं आणि मी पुन्हा तेच सांगितलं असतं.

मलकापूर स्टेशनवर गाडीला अवकाश होता. फलाटावर चहा घेऊन बसले होते तेवढ्यात भाऊजींचा फोन आला.

"बाई, गाडीत बसल्या काय?"

"नाही अजून."

"शोभा गेली."

मग ते म्हणाले, "आमची नाशिकची पोरगी रातलोक येईन. मेहकरले फोन केला बर्फासाठी. तो मानूस म्हने, मॅडमच्या घरी तर कालच देल्ला, पुन्हा काऊन?" त्यांचा आवाज फुटला. "त्याले काय सांगू मी, बाई?"

मी तिकीट पर्समध्ये टाकलं आणि उलटी निघाले. त्या परतीच्या रस्त्याचं मला काही आठवत नाही. हे प्रवासवर्णन म्हणून लिहायला बसले खरी, पण त्या तीन-चार तासांत खिडकीबाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

दारात तीच माणसं होती. या वेळी सगळ्या बायकांच्या साड्या पांढऱ्या होत्या. शोभाभोवती लाद्या रचल्या होत्या, आणि ती लादी कशासाठी असते हे आता मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझा घसा कोरडा पडला होता. पाणी मागितलं नाही.

कमल मला आत घेऊन गेली. तिने सांगितलं, मी गेल्यावर शोभाने डोळे उघडले होते. अनू गेली काय, असं विचारलं. मग म्हणाली, "तिले काही बोलजो नको. तिले खोटं बोलता येतच नाई, होस्टेलात बी येत नोतं. कालच समजलं मले." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्या कॉफीचा बर्फ दे एक."

मी तिला खोटं सांगून, पाठ फिरवून निघून आले होते. तिला खरं बोलायला एक माणूस हवं होतं, आणि तीस वर्षांच्या ओळखीत ते माणूस मीच होते. मी तिला कॉफी देत राहिले.

कमलने माझा मिक्सर धुऊन, कोरडा करून फडक्यात बांधून ठेवला होता. फ्रीज उघडून तिने ट्रेपण माझ्या हातात दिला. त्यातला एक कप्पा रिकामा होता.